दादासोचा मसाला

वेलदोडे तव्यावर तडतडायला लागले तसा दादासोनं गॅस बारीक केला आणि कान खाली नेला. तडतड विरळ झाली की उतरवायचे. लवंगा टम्म फुगल्या की काढायच्या, बडीशेप पिवळी पडायच्या आत काढायची. डोळ्यांना आणि कानांना कळतं तेवढं त्याला सगळं कळत होतं. त्यापुढचं कळायला नाक लागतं, आणि दादासोचं नाक आता नुसतं चष्मा टेकवायच्या कामाचं राहिलं होतं.

करोनात दोघं नवरा-बायको एकदमच तापानं पडले होते. विजयमालाला पंधरवड्यात पुन्हा वास यायला लागला. दादासोला आला नाही तो नाहीच. इस्लामपूरचा डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू. दादासोनं वाट बघितली. एकदा गोठ्यावरनं जाताना शेणाचा वास आल्यासारखा वाटला म्हणून तो हरखून माघारी फिरला, गोठ्यात जाऊन उभा राहिला, म्हशीनं त्याच्याकडे बघितलं, त्यानं म्हशीकडे बघितलं. काही नाही. मग त्यानं नाद सोडला.

तसं बघायला गेलं तर वास न येणं हा काही आजार नव्हे. त्यावाचून कुणाचा ऊस वाळत नाही की कुणाचं लग्न मोडत नाही. पण दादासो आष्ट्यात एका बेकरीत भट्टीवर होता, मिसरूड फुटलं तेव्हापासून. पावाचं पीठ चढलं का हे हाताला कळतं, खारी भाजली का हे डोळ्याला. वर्षभर त्याचं काही अडत नसे. अडायचं ते दिवाळीत.

दसरा झाला की गावातल्या आणि आसपासच्या मळ्यांतल्या बायका आपापलं पीठ, साखर आणि घरचं तूप घेऊन बेकरीवर नानखटाई भाजून घ्यायला येतात. डब्यावर रंगानं नाव घातलेलं असतं. आपल्या तुपाची नानखटाई दुसरीच्या डब्यात जाऊ नये म्हणून बाकावर डोळ्यांत तेल घालून बसतात. सगळं ज्याचं त्याचं, मसाला तेवढा बेकरीचा. वेलदोडा, जायफळ, सुंठ, लवंग, बडीशेप. तो दादासो घरून कुटून आणायचा आणि त्याला नावच दादासोचा मसाला असं पडलं होतं. कराडला, सांगलीला दिलेल्या पोरी आईला फोन करून विचारायच्या, दादासोचा मसाला घातलाय ना?

आणि दादासोला तर करोनापासून वासावरनं सुंठ आणि भुसा यांतला फरक कळत नव्हता. तो भाजायचा, कुटायचा, आणि तळहातावर चिमूट घेऊन विजयमालापुढे धरायचा. ती वास घेऊन सांगायची, तसं तो वाढवायचा. घरात दोघांना मिळून एक नाक पुरत होतं. आपण बेकरीत सांगून टाकावं असं त्याच्या मनात एकदा आलं, तेव्हा तीच म्हणाली होती, “कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी हाय तवर कुनाला काय कळतंय?”

ती श्रावणात गेली. दुपारी जेवून लवंडली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. बंद पडायला काय, मोटर आहे का ती, असं दादासोच्या ओठांवर आलं होतं, पण भांडायचं तरी कुणाशी.

बेकरी आता मालकांची सून संयोगिता बघायची. नवरा फौजेत, सासरे अंथरुणाला खिळलेले. गल्ला, मैदा, लाकूडफाटा सगळं तिच्या अंगावर. पोरगी कुंडल गावची, बोलायला सरळ. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती भट्टीपाशी आली.

“मामा, यंदा मसाला सांगलीवरनं तयारच मागवते. मामी न्हाईत, घरी एकटं कुठं कुटत बसताय?”

“कुटतो की.”

“होईल का तुमच्यानं? दमलेले दिसताय.”

“दमाय काय झालंय मला?” दादासो म्हणाला. “मसाला माझा हाय. मीच आनंन.”

संयोगिता गल्ल्याकडं परतली. दादासो खरोखरच दमलेला होता. सकाळी उठून चहा करायचा कंटाळा, जेवण करायचा कंटाळा, बेकरीतून घरी जाऊन कुलूप काढायचा तर सगळ्यांत मोठा कंटाळा. पण मसाला सुटला तर उरलं काय? भट्टीत पावाचे पत्रे ढकलायला कुणीही मिळतं. आणि हेही खरं, की बायकोबरोबर करायचं एवढं एकच काम त्याच्यापाशी राहिलं होतं. ते बाहेर दिलं की ती पुरती गेली.

म्हणून तो आता तिच्या स्वयंपाकघरात तिच्या तव्यावर वेलदोडे भाजत बसला होता. मापं तिचीच घेतली. वेलदोड्याच्या त्याच वाट्या, जायफळं तेवढीच, सुंठ मूठभर. खलबत्त्यात कुटताना खांदा भरून आला. मिक्सर होता, पण मिक्सरमध्ये मसाला तापतो आणि मरतो, असं ती म्हणायची. वस्त्रगाळ करून त्यानं चिमूटभर जिभेवर ठेवला. सुंठ झोंबली, लवंग चरचरली. बाकी सगळी माती. तरी त्यानं सवयीनं तळहात पुढे केला, आणि मग तसाच मागे घेऊन परातीत झटकला.

आता ठेवायचा कुठे, हा प्रश्न आला. ताजा कुटलेला मसाला डब्यात कोंडला की घाम धरतो, त्याला फडक्यात बांधून दोन रात्री वारा द्यावा लागतो. विजयमाला पुरचुंडी आढ्याला टांगायची. पण बाई गेल्यापासून घरात उंदीर मातले होते. कांद्याची टोपली कुरतडली, दोरीवरचा टॉवेल कुरतडला. टांगलेली पुरचुंडी सकाळपर्यंत राहिली असती तर नवलच. दादासो घरभर फिरला आणि शेवटी पलंगाखालची लोखंडी ट्रंक ओढली. उंदीर शिरणार नाही अशी घरात ती एकच जागा होती, आणि डब्यापेक्षा ऐसपैस, मसाला घाम न धरण्याइतकी.

ट्रंक विजयमालाची. तेराव्यानंतर मुलीनं, उत्कर्षानं, आईच्या साड्या घड्या घालून त्यात ठेवल्या होत्या आणि कराडला जाताना म्हणाली होती, “आप्पा, हे नीट ठेवलंय सगळं, उचकू नका.” त्यानं उचकलं नव्हतं. आज पहिल्यांदा झाकण उघडलं. वरच तिची जांभळी इरकल होती. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाच्या कपड्यांना त्याचा वास राहतो. दादासोनं साडी उचलली, तोंड त्यात घातलं आणि छाती भरून श्वास घेतला. सूत नाकाला गार लागलं, बस्स. त्यानं पुन्हा घेतला. मग तो तिथंच फरशीवर बसला आणि रडला. बायकोला अग्नी दिला तेव्हाही तो इतका रडला नव्हता. घरात तिचा वास असेल, सगळ्यांना येत असेल, मुलीला आला असेल, आणि आपल्यालाच तेवढा नाही, याचा त्याला संताप आला.

थोड्या वेळानं त्यानं डोळे पुसले, साडीवर मसाल्याची पुरचुंडी ठेवली, आणि झाकण लावलं.

नानखटाईच्या पहिल्या दिवशी पहिला नंबर बनाबाईचा. हा नेमच होता. वाळव्याच्या रस्त्याला तिचा मळा. सत्तरी कधीच उलटलेली, पण म्हशीची धार स्वतः काढायची आणि लोणी साठवून तूप स्वतः कढवायची. नातू अर्जुना फौजेत भरती झाला होता आणि दिवाळीला पहिल्यांदाच सुट्टीवर येणार होता. आल्या आल्या बनाबाईनं ते बेकरीतल्या सगळ्यांना सांगितलं, मग बाकावर नव्या बायका येऊन बसल्या तसं परत सांगितलं.

“तूप हाताला जरा जास्त सोड दादासो. पोरगं डोंगरात ऱ्हातंय. न्हेलं तर न्हील चार डबं सोबतीला.”

“तुमी बसा मावशी. करतो नीट बैजवार.”

दादासोनं दगडी ओट्यावर तूप आणि पिठीसाखर घेतली, तळहातानं फेसून पांढरी केली. तूप रवाळ होतं, हाताला लोण्यासारखं लागत होतं. पीठ चाळून घातलं, रवा घातला. मग पिशवीतली पुरचुंडी सोडली आणि मसाल्याची मूठ ओट्यावर भुरभुरली. आज त्याला जरा हलकं वाटत होतं. मसाला रंगानं अगदी तिच्या मसाल्यासारखा उतरला होता.

बनाबाई बाकावरून उठून ओट्याशी आली. नाकाशी हात नेला.

“दादासो, ह्याला कसला वास येतोय रं?”

इतकी वर्षं सोंग वठवलेला माणूस. तो वाकला, दोन्ही नाकपुड्या फुलवून वास घेतला, मान हलवली.

“येलदोड्याचा हाय मावशी. यंदा माल नवा हाय.”

“येलदोडा न्हाई वाटत मला.”

“आवं, कच्चा हाय म्हनून तसं वाटतंय. भाजल्यावर बगा.”

बनाबाईनं पुन्हा एकदा वाकून हुंगलं. तिचा विश्वास बसत नव्हता, पण दादासोच्या मसाल्यावर शंका घ्यायची म्हणजे तिला आपलाच संकोच वाटला.

“माजंच नाक बिगडलं आसंल,” ती म्हणाली. “म्हातारपनी काय काय जातंय कुनास ठावं.” आणि बाकावर जाऊन बसली.

ते शब्द दादासोला लागले. त्यानं वर बघितलं नाही. पेढ्याएवढे गोळे वळले, पत्र्यावर ओळीनं मांडले, अंगठ्यानं मधोमध दाबले. पत्रे भरले आणि लांब दांड्यानं भट्टीत सरकवले.

भट्टीच्या तोंडाशी बसून तो आत बघत राहिला. नानखटाई हळूहळू पसरली, फुगली, वर बारीक तडे गेले, कडा तांबूस व्हायला लागल्या. अशी वर्षात एखादीच उतरते. त्याला वाटलं, जमलं. तिच्यावाचून जमलं. आणि तेवढ्यात त्याला जाणवलं, की मागं बाकावरचं बोलणं बंद पडलंय.

त्यानं वळून बघितलं. बाकावरच्या सगळ्या बायकांनी पदर नाकाला लावले होते. दारातला एक माणूस पाव न घेताच खाली उतरला. गल्ल्यावरनं संयोगिता उठून आत येत होती आणि तिचं तोंड आंबट झालं होतं. सगळ्यांना काहीतरी कळलं होतं, आणि ते बेकरीत सगळीकडे भरून राहिलं होतं, आणि दादासो त्याच्या मधोमध बसून काहीच कळत नसलेला एकटा माणूस होता.

“मामा,” संयोगिता म्हणाली, “हा कसला वास?”

“काय... लाकूड वलं आसंल.”

“लाकडाचा न्हाई. डांबरगोळ्यांचा येतोय.” ती ओट्याशी गेली, पुरचुंडी उचलून नाकाशी नेली आणि झटक्यानं लांब धरली. “मसाल्यालाच येतोय. मामा, कुठं ठेवला होता तुम्ही हा?”

“ट्रंकंत. हिच्या.” त्याचा आवाज बारीक झाला. “उंदरं लय झाल्यात.”

“साड्यांच्या ट्रंकेत?”

दादासोला उत्कर्षाचं नीट ठेवलंय म्हणजे काय ते आत्ता उमगलं. पोरीनं आईच्या साड्यांना कसर लागू नये म्हणून घड्यांच्या आत गोळ्या टाकल्या होत्या. तिचं काही चुकलं नव्हतं. म्हणजे त्या रात्री आपण छाती भरभरून घेतलं ते डांबर होतं. आपल्याला वास आला असता तरी तिचा आला नसता.

“पण मामा, उघडल्या उघडल्या कळतं की,” संयोगिता म्हणाली. “पुरचुंडी सोडल्यावर कळायला पायजे होतं. तुम्हाला कसं काय...”

ती बोलता बोलता थांबली. सगळ्या बायका बघत होत्या. अजूनही सर्दी झालीय म्हणून सांगता आलं असतं. या दिवसांत कुणालाही सर्दी होते, लोक हसून सोडून देतात. शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला होता. पण बनाबाई बाकावरून उठली होती आणि त्याच्याकडे बघत होती.

“मला वास येत न्हाई,” दादासो म्हणाला.

“आज?” संयोगितानं विचारलं.

“करोनापासनं. कशाचाच येत न्हाई.”

“मग एवढी वर्सं मसाला?”

“मी नुसता कुटायचो. काय कमी, काय जास्त, ती सांगायची. मसाला तिचा हुता. नाव माजं.”

हे त्यानं जरा मोठ्यानंच म्हटलं. आपला आवाज आपल्यालाच परका वाटला त्याला. भट्टीत लाकूड फुटलं.

बनाबाई पुढं आली. दादासोला वाटलं, आता तुपाचं निघणार. भादव्यापासून साठवलेलं तूप, नातू पहिल्यांदा घरी येणार, सगळं मातीत गेलं. बोलली असती तर त्यानं ऐकून घेतलं असतं.

“तुपाचं ऱ्हाऊ दे,” बनाबाई म्हणाली. “म्हस दारात हाय, आनकी व्हईल. पर मी तुला इच्यारलं तवा तू काय म्हनलास?”

दादासोनं नजर ओट्याकडे वळवली.

“येलदोडा हाय म्हनलास. मला वास आलावता. बराबर आलावता. आन् मी माज्याच नाकाला खोटं पाडून गप बसले तुज्यापायी. आता ह्या वयात मानसाकडं काय आसतंय रं? डोळं गेलं, गुडगं गेलं. एक नाक धड हाय, त्येबी तू काढून घेत हुतास.”

“चुकलं मावशी.”

“चुकलंच.”

ती लांबच्या बाकावर जाऊन पाठ करून बसली. दादासोला तुपाचं ऐकून घेणं परवडलं असतं.

संयोगितानं मग सूत्रं हातात घेतली. पोरगी मोठ्या आवाजात काही बोलली नाही, एवढे तिचे उपकार. मसाल्याची पुरचुंडी मागच्या खड्ड्यात टाकली. शेजारच्या दुकानातून वेलदोड्यांची पाकिटं मागवली. बनाबाईला म्हणाली, “आजी, तुमची नानखटाई मी भाजून देते, आमच्या तुपात. घरच्यासारखी न्हाई व्हायची, पर अर्जुना यायच्या आधी मिळेल.” बनाबाई म्हणाली, “बगू.” बाकीच्या बायका कुजबुजत होत्या. त्यांचे डबे झाकलेले होते आणि त्या झाकणांवर हात ठेवून बसल्या होत्या.

“मामा, ओटा धुतल्याशिवाय दुसरीचं पीठ घेता येणार न्हाई,” संयोगिता म्हणाली. “दगडात मुरला असेल. पत्रेपण.”

“धुतो.”

“मी लावते कुणालातरी...”

“मीच धुतो.”

त्यानं भाजलेले पत्रे मागल्या दारी नेले. नानखटाई अजून गरम होती, तांबूस, वर तडे गेलेली, बघायला देखणी. ती त्यानं खड्ड्यात ओतली, मसाल्यावर, आणि वर राख लोटली. मग धोतर खोचलं, बादली भरली, सोडा आणि लिंबाची सालं घेतली आणि ओटा घासायला बसला.

घासता घासता खांदा पुन्हा दुखायला लागला. ऑक्टोबरचं ऊन छताच्या पत्र्यातून खाली येत होतं, भट्टीची धग होतीच. घाम हनुवटीवरून ओट्यावर पडत होता. त्यानं दगड एकदा धुतला, पाणी काढलं. परत सोडा टाकला, परत धुतला. दगड पांढराशुभ्र दिसायला लागला. डोळ्याला आता त्यावर काही उरलेलं दिसत नव्हतं. तो थांबला, आणि त्याच्या लक्षात आलं की काम झालं का नाही हे आपल्याला कळायला मार्गच नाही. संध्याकाळपर्यंत घासत बसलं तरी कळणार नाही.

इतकी वर्षं अशा वेळी तो गुपचूप घरी जाऊन तिला विचारायचा. आता लपवायला काही नव्हतं, आणि घरी कुणी नव्हतं. एका परीनं मोकळं झाल्यासारखं वाटलं, आणि त्या मोकळेपणानंच त्याला रडू यायला लागलं. ते त्यानं गिळलं.

“गेला का वास, बगा कुनीतरी,” तो म्हणाला.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. कुणाला पुढं यायचं धाडस झालं नाही. संयोगिता गल्ल्यावर गिऱ्हाईक काढत होती. दादासोनं पुन्हा विचारलं नाही. तो ब्रश पाण्यात बुडवून तसाच उभा राहिला.

लांबच्या बाकावरून बनाबाई उठली. एका हातानं गुडघा धरून, भिंतीला टेकत टेकत ओट्याशी आली. त्याच्याकडे बघितलं नाही. पदर मागं सारला, ओट्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत हळूहळू वाकून वास घेत गेली, आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“हितं हाय आजून.”

दादासोनं तिथं सोडा टाकला आणि घासलं. पाणी ओतलं. हातानं पाणी निपटून काढलं आणि बाजूला झाला.

“आता?”

बनाबाई पुन्हा वाकली. ओला ब्रश हातात धरून दादासो तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.